अखजीला मांडलेलं पान

आमच्या अमरावतीत मे महिन्यात सकाळी अकराला दारं लागतात, ती संध्याकाळी सहाला उघडतात. मधल्या वेळात शहर जागेवर आहे की नाही हे पाहायला कुणी गेलंच, तर त्यालाच ऊन लागायचं. खिडक्यांवर ओल्या चादरी, दाराच्या फटीला गोणपाट, आणि ज्या खोलीत कूलर त्या एका खोलीत सगळं घर. आमचं घर म्हणजे आई, बाबा आणि मी. बाकीच्या खोल्या उन्हाळ्यात असून नसल्यासारख्या. जेवण कूलरपुढे, झोप कूलरपुढे, भांडणही कूलरपुढेच. रागानं उठून जावं म्हटलं तर जायचं कुठं? बाहेरच्या खोलीत जरा वेळ घाम गाळला की माणूस मुकाट्यानं परत येतो. आमच्या घरातली निम्मी भांडणं कूलरनं मिटवली आहेत आणि उरलेली निम्मी, कूलरमध्ये पाणी कोण भरणार यावरून झाली आहेत.

हे सुखही माझ्या वाट्याला फक्त रविवारी. माझी नोकरी अकोल्याला, बियाण्यांच्या एका कंपनीत. सकाळी बडनेऱ्याहून गाडी पकडायची, संध्याकाळी परत. मूर्तिजापूर आलं की अर्धी वाट झाली, एवढं मला झोपेतही कळतं. अमरावतीचं ऊन सोसवत नाही म्हणून माणूस तोंड लपवतो, आणि मी रोज डबा घेऊन अकोल्याला जातो, म्हणजे आगीतून फुफाट्यात आणि तेही पासावर. पुण्या-मुंबईची माणसं विचारतात, तुम्ही तिथं राहता तरी कसे? मी म्हणतो, राहतो कुठं, अडकलोय.

हे मी थट्टेत म्हणायचो, पण ती थट्टा नव्हती. यंदा उन्हाळा लागता लागता आमच्या साहेबांनी मला विचारलं, पुण्याच्या ऑफिसात जाशील का? चांगलं काम होतं, मला येणारं होतं, आणि असं विचारणं काही दरवर्षी होत नाही. मी म्हणालो, विचार करून सांगतो. त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं. मे उजाडला तसे ते वैतागले.

"ती तुमची अखजी का काय ती होऊन जाऊ दे," ते म्हणाले. "रविवारी आहे ना? सोमवारी मला हो की नाही ते सांग. नाहीतर दुसरा माणूस तयार आहे."

साहेब नगरकडचे. त्यांना अखजी म्हणजे आमरस खाऊन दुपारी झोपायचा दिवस वाटायचा. माझं घोडं नेमकं त्याच दिवसापाशी पेंड खात होतं, हे त्यांना कोणत्या तोंडानं सांगू?

अखजी म्हणजे अक्षय तृतीया. आमच्याकडं त्या दिवशी घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावानं मातीची नवी घागर भरतात, तिच्यावर आंबा नाहीतर खरबूज ठेवतात आणि त्याच्या नावानं एका जिवंत माणसाला जेवू घालतात. त्या जेवणाऱ्यालाही पितरच म्हणतात. आजोबा गेले असतील तर कुणी म्हातारा बोलवायचा, आजी गेली असेल तर म्हातारी. तरणा मुलगा गेला असेल तर त्याच्या वयाचा मुलगा, आणि तो लग्नाआधी गेला असेल तर हाही बिनलग्नाचा. पितराचं बोलावणं आलं तर नाही म्हणायचं नसतं. आणि एकदा जो बसला तो सहसा बदलत नाहीत.

मी माझ्या मित्राच्या नावानं बसतो.

आम्ही एका गल्लीतले चौघं. त्यातला हा चौथा. डोकं उन्हातच चालायचं त्याचं. आम्ही कूलरपुढे लोळत असलो की ऐन दुपारी दारात येऊन उभा राहायचा आणि म्हणायचा, "चला बे वडाळीले." तलावावर पोचेपर्यंत आमचे जीव जायचे, आणि तो तिथं उसाचा रस पीत बसायचा, बर्फ न घालता, कारण बर्फानं रस पातळ होतो म्हणे. वऱ्हाडात मे महिन्यात डोक्याला दुपट्टा बांधल्याशिवाय शहाणा माणूस बाहेर पडत नाही. हा बांधायचा नाही. केस बसतात म्हणून! पंचविशीत एकदा कसल्याशा परीक्षेला अकोल्याला गेला आणि दुपारच्या एसटीनं, उघड्या डोक्यानं परत आला. रात्री ताप चढला. काकूंनी, म्हणजे त्याच्या आईनं, कांदा किसून तळपायाला लावला, कैरीचं पन्हं पाजलं, सकाळी दवाखान्यात नेलं, सलाईन लावलं. तो वाचला नाही. उन्हानं माणूस मरतो हे आम्हाला पेपरात वाचून माहीत होतं. आमच्यातला कुणी मरेल, असं मात्र कधी वाटलं नव्हतं.

पुढच्या अखजीच्या आधी काका, म्हणजे त्याचे वडील, आमच्या दारात आले. वीज खात्यातून लाइनमन म्हणून रिटायर झालेला, कमी बोलणारा माणूस. उंबऱ्याच्या आत आलेच नाहीत.

"अखजीले येजो बापा," मला म्हणाले. "त्याच्या नावानं."

माझ्या आईचा चेहरा पडला. आपलं तरणं पोर मेलेल्याच्या पाटावर बसवायला कोणत्या आईला आवडेल? पण बोलावणं दारात उभं होतं, आणि ते घेऊन येणाऱ्याचं पोर गेलं होतं. आई आत निघून गेली. मी हो म्हणालो.

त्या पहिल्या वर्षी मला सगळ्यात जड गेलं ते पाय धुणं. लहानपणी ज्यांच्या सायकलच्या दांडीवर बसून मी शाळेत गेलो, ते काका माझ्यापुढं खाली बसले, परातीत माझे पाय घेतले आणि तांब्यानं पाणी सोडू लागले. मी पाय ओढून घेतले. त्यांनी घोटे धरून ते परत परातीत ठेवले. मग गंध लावलं आणि वाकून मला नमस्कार केला. सत्तरीकडं झुकलेल्या माणसानं आपल्या पाया पडावं आणि आपण मख्खासारखं बसून राहावं, याहून वाईट काही असेल तर मला माहीत नाही. काकू वाढत होत्या. आमरस, पुरणपोळी, कढी, भजी, तळलेल्या कुरडया. त्या घरची रीत अशी की पितरानं जेवताना बोलायचं नाही. मी खाली मान घालून जेवत राहिलो. वाटी रिकामी झाली की रस येत होता. काकूंना बरं वाटतंय हे दिसत होतं, आणि त्या दिवशी मला खरंच वाटलं की आपल्या हातून काहीतरी चांगलं झालं.

चांगलं झालंच. पण नव्याचे नऊ दिवस. पाटावर बसायचं वर्षातून एकदा असलं, तरी त्या पाटावरून मी कधी उठलोच नाही. काकूंचा गॅस सिलिंडर मी लावायचा. काकांना दवाखान्यात मी न्यायचं. होळी झाली की कूलरच्या जाळ्यांमधलं जुनं गवत काढून नवं भरायचं. आमच्या घरचं आधी की त्यांच्या घरचं, यावर आईचं आणि माझं दरवर्षी वाजायचं. मी काकूंकडचं आधी करायचो. गल्लीत लोक मला त्याच्या नावानं हाक मारून मग जीभ चावायचे. लग्नाचं म्हणाल तर दोन ठिकाणी जमत आलं आणि फिसकटलं. एका ठिकाणी तर मुलीच्या मामानं सरळ विचारलं, "मुलगा पितर बसते म्हणे?" आई त्या दिवशी जेवली नाही. मला मामाचा राग यायला हवा होता. आला काकूंचा, आणि लगेच स्वतःची लाज वाटली. तेव्हापासून हे दोन्ही माझ्यात जोडीनंच राहतात.

बाकीचे दोघं मित्र केव्हाच पुण्याला गेले. दरवर्षी मे महिन्यात बायकापोरांना घेऊन अमरावतीला येतात आणि पहिल्या दिवशी ऊन ऊन म्हणून गळा काढतात, जसं काही यांचा जन्म महाबळेश्वरचा. त्यातल्या एकाचं टक्कल पडलं आहे. त्याला आम्ही टकल्याच म्हणतो, त्याची बायकोही म्हणते. दोघांची भाषा पुण्यानं बिघडवली आहे. येतात तेव्हा 'मला-तुला' करत येतात. राजकमल चौकात उभ्यानं एक प्लेट गिला वडा पोटात गेला, हिरव्या चटणीनं नाकातून पाणी आलं, की मग 'मले-तुले' सुरू होतं. गिला वडा पुण्यात मिळत नाही हे त्यांचं एकमेव दुःख. दुसरं काही दुःख त्यांना असेल तर त्यांनी मला सांगितलेलं नाही.

यंदा ते आल्यावर आम्ही रोज संध्याकाळी बाहेर पडू लागलो. सहा वाजले की अख्खं शहर दार उघडून रस्त्यावर येतं. पोरं, म्हातारे, आमच्यासारखे अधलेमधले, सगळे चेहऱ्यावर एकच भाव घेऊन: सुटलो बाबा. मीही त्या गर्दीत असायचो. पण मला सुटल्यासारखं वाटायचं नाही. दिवसा कूलरची खोली आणि संध्याकाळी गाव, एवढाच फरक.

एके दिवशी टकल्याच्या सासऱ्यांच्या मळ्यात रोडग्यांचा बेत ठरला. मळा मोर्शीच्या अलीकडं, संत्र्याचा. झाडांवर लिंबाएवढी हिरवी फळं धरली होती, आणि ऊन उतरलं तरी जमीन खालून भाजत होती. आम्ही गोवऱ्या रचून पेटवल्या, कणकेचे गोळे त्या आरात, निखाऱ्यांत, टाकले, दुसऱ्या चुलीवर वांग्याची तिखट भाजी ठेवली. रोडगा भाजत असताना करायला काही नसतं. राख झटकायची, गोळा उलटायचा आणि बोलायचं.

"सोमवारी हो म्हणून सांगून दे," टकल्या म्हणाला.

"काकूले काय सांगू?"

"सांगायचं काय त्याच्यात? मी पुण्याले जाऊन राहिलो, एवढंच. अखजीले येत जाय एक दिवस. गाडीत बस, रस खा, वापस ये."

"एक दिवसाचं असतं त मी कशाले अडलो असतो?" मी म्हणालो. "काकाचा एक डोळा गेल्यातच जमा आहे. गॅस कोण लावन? दवाखान्यात कोण नेईन?"

दुसरा मित्र काडीनं राख उकरत होता. तो आमच्यात सगळ्यात शांत. तो म्हणाला, "तू खरंच त्यांच्यासाठी थांबला काय बे? का तुले जायचंच नाही?"

मला इतका राग आला की मी उठून विहिरीकडं चालायला लागलो. मागून टकल्या हाका मारत होता, रोडगे जळतील म्हणून. तुम्ही निघून गेलात, मला सांगणारे तुम्ही कोण? तुम्हाला कुणी बोलावलं नाही, तुम्ही सुटलात. आमचा चौथा गेला तेव्हा आम्ही तिघंही पंचवीसचेच होतो, तिघंही बिनलग्नाचे होतो. काका आमच्याच दारात का आले? आमचं घर त्यांच्या घराला लागून होतं म्हणून, दुसरं काहीसुद्धा कारण नव्हतं. यांचं घर लागून असतं तर आज मी पुण्याहून येऊन यांना शहाणपण शिकवत असतो. विहिरीच्या काठावर उभं राहून मी हे सगळं मनात बोललो. मग भूक लागली म्हणून परत आलो. रोडगा फोडला, तूप ओतलं, भाजीत कुस्करून खाल्ला. गाडीवरून येताना मी ठरवलं की अखजीच्या आधी काकूंना सांगून टाकायचं. पाटावर बसायच्या आधी सांगितलं, तर निदान फसवून जेवल्यासारखं होणार नाही.

शुक्रवारी अकोल्याहून आलो तो तसाच त्यांच्याकडं गेलो. काकू गच्चीवर होत्या. कुरडयांचं काम सकाळीच उरकलं होतं; प्लास्टिकच्या कागदावर पांढऱ्या कुरडया ओळीनं वाळत होत्या आणि त्या एकेक उलटून बघत होत्या.

"आला का? बस. तुह्यासाठी चीक ठेवला आहे."

भिजवलेल्या गव्हाचा चीक शिजवून त्याच्या कुरडया घालतात. तो शिजलेला चीक साखर-तूप घालून खायला आम्ही लहानपणी रांग लावायचो. त्यांनी वाटी हातात दिली. मी पहिला घास घेतला आणि म्हणालो, "काकू, मले एक सांगायचं होतं."

"मलेही एक सांगायचं आहे," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडं पाहत राहिल्या. नुसतं पाहणं नव्हतं ते. बाजारात ओळखीचं कुणी दिसलं आणि नाव आठवेना म्हणजे आपण पाहतो, तसं.

"सांगा न."

"तू सांग पह्यले."

तेवढ्यात काका जिना चढून वर आले. एक हात भिंतीवर, एक पायरी, थांबायचं, मग दुसरी पायरी. माझ्या शेजारी बसले आणि म्हणाले, "पुढच्या आठवड्यात डोयाच्या डॉक्टरनं बोलावलं आहे. तुले सुट्टी भेटन का?"

"भेटन," मी म्हणालो.

झालं. माझं सांगणं चिकाबरोबर गिळून टाकलं. काकूंनीही त्यांचं सांगितलं नाही. "रविवारी लवकर येजो," एवढंच म्हणाल्या. जिना उतरताना मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. सांगितलं तर त्या मोडतील, न सांगितलं तर मी. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मी आपला मधोमध वाटी चाटत उभा.

रविवार उजाडला. घरी आईनं आजोबांच्या नावाची घागर भरली. आमच्याकडंही पुरण होतं, रस होता, पण माझं पान तिनं वाढलं नाही. दरवर्षीच वाढत नाही. मी दुपट्टा बांधून निघालो तर ती बाबांना म्हणाली, "चालला." मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. त्यांचं घर आमच्याला लागून, दहा पावलांची वाट, तरी तेवढ्यात डांबराची धग चपलेतून वर आली.

मी ठरवलं होतं की पाय धुवायच्या आधीच बोलायचं. पण आत पाऊल टाकलं तर काका परात घेऊन तयारच बसले होते. दिसत कमी होतं म्हणून ते हातानं चाचपून माझे पाय शोधत होते. मी पाय पुढं केले. त्यांनी पाय धुतले, गंध लावायला वर हात केला तो कपाळाऐवजी भुवईवर टेकला. मी वाकून कपाळ त्यांच्या बोटाखाली आणलं. मग त्यांनी नमस्कार केला. घागरीवर हापूस नाही, गावरान आंबा होता. कोपऱ्यात कूलर घरघरत होता. होळीनंतर मी भरलेल्या गवताचा ओला वास खोलीभर होता.

जेवताना बोलायचं नसतं, म्हणून मी जेवलो. रस संपला की काकू वाढायच्या, पण यंदा त्यांचा हात दरवर्षीसारखा चालत नव्हता. मध्येच वाटी हातात धरून त्या थांबायच्या. मला वाटलं, माझ्या तोंडावर सगळं दिसतंय. पोळी संपली, कढी संपली. मी हात धुतला आणि सांगायला तोंड उघडलं. काकूंनी माझ्या आधी बोलायला सुरुवात केली.

"पुढच्या अखजीले तू नको येजो."

मी विचारलं, "टकल्यानं सांगितलं काय तुमाले?"

"काय सांगितलं?"

म्हणजे त्यांना माहीत नव्हतं. मी म्हणालो, काही नाही.

"मागच्या गल्लीत एक पोरगा पाह्यला मी," त्या म्हणाल्या. "पंचवीसचा आहे. लगन नाही झालं. त्याच्या मायले विचारलं, हो म्हणे."

कित्येक वर्षं मी ज्या वाक्याची वाट पाहत होतो ते असं समोर आलं, आणि माझं डोकं फिरलं. आनंद नाही, राग. मागच्या गल्लीतला कोण तो पोरगा? त्यानं कधी माझ्या मित्राला पाहिलं तरी होतं का?

"काहून?" मी विचारलं. "माह्याकडून काही चुकलं काय?"

"चुकलं नाही रे बापा. तू मोठा झाला."

"म्हणजे?"

"कानापाशी पाह्य तुह्या, सारं पांढरं होऊन राहिलं. चेहरा भरला. पोट आलं. मागच्या वर्सी तू पाटावर बसला त मी वाढता वाढता थांबलो. म्हटलं, हे कोण बसलं? माहा पोरगा एवढा नोता." त्यांनी वाटी खाली ठेवली. "मले आता त्याचा चेहरा आठवत नाही. आठवाले गेलं का तुहाच येते डोयापुढं. असाच, मोठा झालेला. तो दूर जाऊन राहिला माह्यापासून."

मी काकांकडं पाहिलं. ते दारापाशी परात घेऊन उभे होते, पाणी ओतायला बाहेर न जाता.

"मी पुण्याले जाऊन राहिलो," मी शेवटी म्हणालो. "म्हणजे, बोलावलं आहे. उद्या सांगायचं आहे."

"मंग आजवर काहून नाही सांगितलं?"

"तुमचं कसं होईन म्हणून."

हे ऐकून काकू अशा चिडल्या की मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. "आमचं? आमी तुले बांधून ठेवलं काय? गॅस लावणारा माणूस गावात भेटते, कूलरचं गवत भरणाराही भेटते. डॉक्टरकडं मी नेईन याले रिक्षात घालून. तू आमच्यासाठी थांबला, हे आमाले कोणी सांगितलं? तुही माय रस्त्यात दिसली का मी दुसऱ्या अंगानं जातो, तोंड नाही दाखवाव वाटत. तिचं पोरगं मी पाटावर बसवून ठेवलं, हे तिच्या डोयात दिसते मले."

"पण काकू, तुमीच त बोलावलं होतं."

"बोलावलं. एका वर्साचं बोलावलं होतं, मंग दुसऱ्या वर्सी तूच आला. तिसऱ्या वर्सी आला. मले वाटलं, याले यावं वाटते त येऊ द्या. नाही कशी म्हणू?" त्या दम खायला थांबल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तू त जित्ता आहे ना बापा. जित्त्या माणसाले किती वर्स पितर बसवाव?"

कूलर घरघरत राहिला. मी पाटावरच बसून होतो. मळ्यात शांत मित्रानं विचारलेलं माझ्या कानात वाजत होतं, आणि आता त्याच्यावर चिडायलाही जागा नव्हती. मला कुणी धरलेलं नव्हतं. दुसऱ्या वर्षीही काका आले होते का, हे मी आठवून पाहिलं. मला ते आठवलं नाही. मी आपला आपणच उठून आलो असेन.

"ऊठ आता," काकू म्हणाल्या. "तू उठल्याबिगर आमाले जेवता येत नाही."

उठताना पायाला मुंग्या आल्या होत्या. काका परात खाली ठेवून पुढं आले आणि त्यांनी मला हात दिला. हात हातात घेतल्यावर त्यांनी तो लगेच सोडला नाही. मी चपला घातल्या, दुपट्टा डोक्याला बांधला. आतून ताटं मांडल्याचा आवाज आला, दोनच ताटं. मला कुणी थांब म्हटलं नाही, आणि थांबायला काही कारणही नव्हतं.

सोमवारी अकोल्याला जाऊन मी साहेबांना हो म्हणणार, हे तिथंच ठरलं. पण लगेच घरी जाववेना. गल्ली रिकामी होती, सगळी दारं बंद, प्रत्येक घरातून कूलरची घरघर तेवढी ऐकू येत होती. त्या भर दुपारी दोन घरांच्या मधल्या भिंतीला टेकून उभं राहिल्यावर मला माझा मित्र मेल्याचं रडू आलं. इतकी वर्षं मी त्याच्या जागेवर बसलो होतो, त्यामुळं ते रडायचं राहूनच गेलं होतं.